पिवळ्या रंगाची वाट पाहणारे भाऊ

आमच्या लॅबमध्ये ‘नॉर्मल’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. शिवी चालायची. भाऊ स्वतःही द्यायचे, विशेषतः मशीन चालू असताना लाइट गेली की. पण रिपोर्ट बघून कोणी ‘नॉर्मल आहे’ म्हणालं, की त्या दिवशीच्या सगळ्या काचेच्या नळ्या त्यानं धुवायच्या. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी चार वेळा धुतल्या. पाचव्यांदा भडकले. म्हटलं, “भाऊ, पुस्तकातच छापलंय नॉर्मल रेंज म्हणून. मग बोलायचं काय?”

“आकडा सांगाचा,” भाऊ म्हणाले. “आन् चूप राहाचं. नॉर्मल म्हंजे कोनाचं नॉर्मल? तुयं का मायं? तो छापणारा तं नागभीडले आलाबी नसन कदी.”

मी राजुऱ्याची. कोळशाच्या धुळीत वाढलेली, तोंडाळ. चंद्रपुरात लॅबचा डिप्लोमा केला, पहिला नंबर आला, आणि नागभीडच्या बाजूच्या एका सरकारी दवाखान्यात लागले. तिथे हे भाऊ आधीपासून होते. किती वर्षांपासून ते कोणालाच सांगता येत नव्हतं. बाहेरच्या चिंचेच्या झाडाइतकेच तेही तिथले होते. मला वाटलं होतं, म्हातारा दोन वर्षांत रिटायर होईल, मग लॅब आपली. तोपर्यंत सहन करू. आता हे लिहितानाही माझी मलाच लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

अंगानं काटकुळे, शर्टाचं गळ्याचं बटन उन्हाळ्यातही लावलेलं, आणि दोन्ही मनगटांवर दोन घड्याळं. डावं वेळ बघायला. उजवं फक्त तपासणीचे सेकंद मोजायला. कोणी चुकून त्यांच्या उजव्या मनगटाकडे बघून “किती वाजले?” विचारलं, तर भाऊ हात मागे घ्यायचे. “हे रक्ताचं घड्याळ हाये. चहाचा टाइम तिकडच्याले विचार.” आणि मग डावा हात पुढे करायचे. थट्टा वाटायची, पण ते अगदी गंभीर असायचे.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. आकडे राहायचे. एकदा बाजारात मी त्यांच्यासोबत होते. भाजी विकणाऱ्या एका बाईला भाऊंनी लांबूनच हाक मारली, “का वो, साडेसात?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भरबाजारात बाईमाणसाचं हिमोग्लोबिन ओरडायचं म्हणजे काय! ती बाई मात्र हसत उठून उभी राहिली. “साडेसात कुठी आता, भाऊ? साडेदहा झाली मी!” आणि तिनं भाऊंच्या पिशवीत ओंजळभर पातूरची पालेभाजी कोंबली. परत येताना भाऊ इतके खूश, जसं काही ते तीन ग्रॅम त्यांनी स्वतःच्या अंगातून काढून दिले होते.

रिपोर्ट वाचून दाखवतानाचा त्यांचा आवाज वेगळा. तरुणपणी झाडीपट्टीच्या एका नाटकात त्यांनी यमाचं काम केलं होतं म्हणे, दोनच प्रयोग. पण आवाज तेव्हापासून अडकला तो अडकलाच. “युरिया!” असं ते खर्जात म्हणाले की पेशंटचे नातेवाईक खुर्चीला धरून बसायचे, आणि पुढे भाऊ हळूच म्हणायचे, “तीस.” म्हणजे काळजीचं काहीच नाही. मी सांगून थकले, भाऊ, लोक घाबरतात. ते म्हणायचे, “घाबरले तं आयकते तरी.”

आणि दर सोमवारी सकाळी स्वतःचं रक्त काढायचे. डाव्या हातानं उजव्या हाताचं, दातांत रबर धरून. मशीन खरं बोलतं आहे की नाही, हे बघायला त्यांना ओळखीचं रक्त लागायचं. कंपनीनं मशीन तपासायला वेगळं द्रव पाठवलेलं असायचं, तेही ते वापरायचे, पण त्यावर त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता. “ते पाहुणं हाये,” म्हणायचे, “हे घरचं.” स्वतःची साखर पाच-सात आकड्यांनी वर गेली, तर आधी मशीनवर संशय, मग किटवर, मग माझ्यावर, आणि शेवटी आठवायचं की काल लग्नात बुंदी खाल्ली.

पण त्यांचं खरं वेड वेगळं होतं. ते सुरू व्हायचं धान पोटरीत आलं की.

आमच्याकडे धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, तुडतुडा पडतो, खोडकिडा पडतो. मग पाठीवर पंप घेऊन माणसं गुडघाभर चिखलात उभी राहून औषध मारतात. औषध म्हणजे कीटकनाशक. आमच्याकडे त्याला सगळे औषधच म्हणतात. उघड्या अंगानं मारतात, वाऱ्याच्या तोंडावर मारतात, आणि मधेच बांधावर बसून त्याच हातानं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून तोंडात टाकतात. त्या दिवसांत डोकं दुखतं, मळमळतं, हात थरथरतात म्हणून कोणी आलं, की भाऊ एक जादा तपासणी करायचे. कोलिनएस्टरेज. हे नाव आमच्या दवाखान्यात फक्त आम्हा दोघांनाच नीट म्हणता यायचं, त्यातही भाऊ ते यमाच्या आवाजात म्हणायचे. किट दवाखान्याच्या यादीत नव्हता. भाऊंनी अर्ज करकरून तो मंजूर करून घेतला होता, आणि बर्फाच्या डब्यातून तो आणायला दर वेळी स्वतः चंद्रपूरला जायचे. एसटीत थर्माकोलचा डबा मांडीवर. कंडक्टर म्हणाला, सामान वर टाका. भाऊ म्हणाले, “लेकरू हाये. झोपलं हाये. उठलं तं बोंबलन.” आणि नागभीडपर्यंत डब्याला थोपटत आले, असं तोच कंडक्टर सगळ्यांना सांगायचा.

या तपासणीसाठी ते कोणालाही सरळ सुई टोचायचे नाहीत. आधी नळाखाली उभं करून कोपरापर्यंत हात धुवायचे, साबणानं, तीनदा. कातडीवर औषधाचा थेंब राहिला आणि तो नमुन्यात गेला, तर आकडा खोटा येतो. एकदा एका सरपंचाला राग आला. “भाऊ, मी काय मळका हाओ?” भाऊ त्याचा हात चोळतच म्हणाले, “तुमी नाई, सरपंचसाहेब. तुमची बांधी.”

मला ही तपासणी त्यांनी फळ्यावरून शिकवली. पुस्तकातून मी ती पाठ केली होती, एका ओळीत: हे एन्झाइम यकृतात तयार होते, यकृताच्या विकारात कमी होते. भाऊ म्हणाले, “पाठ केलं ना? आता विसर. शाळेत मास्तर फळ्यावर लिवते. लिवलेलं पुसलं नाई तं दुसरं कुठी लिवन? आपली नसबी तशीच. हाताले हुकूम देते, ऊठ. हात उठला. आता तो हुकूम पुसाले पायजे, नाई तं हात थरथरतच राहीन, घाम येतच राहीन, डोऱ्यातून पानी वायतच राहीन. तं हे डस्टर हाये. एक डस्टर नसंच्या जवळ, त्याचाच भाऊ रक्तात फिरते. रक्तातलं लिव्हर बनवते, आन् आपन तेच मोजतो.”

“म्हणजे लिव्हर बिघडलं की कमी,” मी म्हटलं.

“लिव्हर बिघडलं तरी कमी. आन् फवारनीचं औषध त्याले जाऊन चिकटलं तरी कमी. डस्टर कारखान्यात बनलंच नाई, का बनलं आन् त्याले डिंक लागला? कागदावर दोन्हीचा आकडा सारखाच दिसते, बाई. म्हनून एकट्या आकड्याले कदी बोलू द्याचं नाई.”

मग नळीत किटचं द्रव, त्यात रक्ताचं पाणी, म्हणजे सीरम, आणि भाऊ उजवं घड्याळ डोळ्यांसमोर धरून उभे. डस्टर ठणठणीत असेल तर नळीत पिवळा रंग भराभर चढतो. औषध लागलं असेल तर रेंगाळतो. मशीन आकडा देतंच, पण भाऊंना रंग स्वतःच्या डोळ्यांनी चढताना बघायचा असायचा. “चढ गा, चढ,” असं पुटपुटायचे. चढला की चेहरा उजळायचा. मी त्यांच्या मागे तोंडावर रुमाल धरून हसायचे.

आता जे सांगते आहे, ते माझ्या चुकीचं आहे.

जवळच्या एका गावातला दिवाकर. दुसऱ्यांच्या बांध्यांत रोजीनं फवारणी करायचा. आधी तो मोहाची दारू प्यायचा, आणि बऱ्यापैकी प्यायचा. दोन वर्षांपूर्वी बुद्धविहारात, सगळ्या गावासमोर, त्यानं दारू न पिण्याचं पाचवं शील पुन्हा घेतलं: आता थेंब नाही. त्याच्या बायकोनं, रत्नमालानं, त्या दिवशी सगळ्यांना खीर वाटली होती. हे मला नंतर कळलं. मी सांगते आहे त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी तो बांधावरून घरी यायचा तो घामेजलेला, पाय लटपटणारा, बोलताना जीभ जड. रत्नमालानं हे सोंग बारा वर्षं बघितलं होतं. तिला दुसरं काय वाटणार? तो म्हणायचा, नाही प्यालो. ती म्हणायची, आधीही असंच म्हणत होते. मग एक दिवस तो बांधावरच पडला आणि तिनं त्याला आमच्याकडे आणलं. डॉक्टरसाहेबांनी सलाइन लावलं, लिव्हरच्या तपासण्या लिहिल्या, भाऊंनी रक्त घेतलं, वरून आपली जादा तपासणी लावली. दुपारनंतर त्याला बरं वाटलं, घरी सोडलं. रिपोर्ट उद्या घेऊन डॉक्टरांना दाखवायचा, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ किट आणायला चंद्रपूरला गेलेले. डॉक्टरसाहेब बाळंतपणात अडकलेले. रत्नमाला एकटीच खिडकीशी आली. रिपोर्ट घेतला, उलटसुलट केला, आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“हे काय कमी दाखवून राह्यलं, मॅडम?”

माझ्या जिभेला तेव्हा काय झालं होतं देव जाणे. नाही, देवाला कशाला मधे ओढू, मला माहीत आहे काय झालं होतं. मला शहाणपणा दाखवायचा होता. भाऊ नव्हते, लॅब माझी होती.

“हे लिव्हर बनवतं,” मी म्हटलं. “कमी आहे म्हणजे लिव्हर कमजोर आहे.”

“लिव्हर कशानं कमजोर होते?”

“बहुतेक दारूनं.”

 तिनं कागदाच्या चार घड्या केल्या, तो ब्लाउजमध्ये खोचला आणि ती गेली. डॉक्टरांसाठी थांबलीच नाही. मी पुढच्या पेशंटला हाक मारली. इतकं सोपं होतं ते.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आले, डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि वही उघडली. “दिवाकरचा रिपोर्ट कोनं देल्ला? सांगतलं काय?” मी सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द. वाटलं, आता ओरडतील. आयुष्यभर नळ्या धुवायला लावतील. भाऊ स्टुलावर बसले.  

मग वही माझ्याकडे वळवली. “बाकीचे आकडे पायले का?”

मी बघितले नव्हते. आता बघितले. बिलिरुबिन, एसजीपीटी, अल्ब्युमिन, तिन्ही चांगले. खाली पडलेला तो एकटाच.

“कारखान्याच्या तीन खोल्यांत दिवा जळून राह्यला,” भाऊ म्हणाले, “आन् चवथीत अंधार. तं कारखाना बंद पडला म्हनशीन, का त्या खोलीत कोनी घुसलं म्हनशीन?”

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. भाऊंनी तिकडे बघितलंच नाही. स्कूटरची किल्ली घेतली, सुया-नळ्यांचा डबा माझ्या हातात दिला. “चल. खिडकीतून बोलली ना? आता उंबरठ्यावर जाऊन बोल.”

गावात पोचलो तर दिवाकर ओसरीवर भिंतीला टेकून बसलेला. हात अजून किंचित थरथरत होते. आम्हाला बघून उठायचा प्रयत्न केला. “भाऊ, मी नाई पेलो जी,” एवढंच म्हणाला. ज्या आवाजात म्हणाला तो मी विसरणार नाही. शंभर वेळा म्हणून झालेलं वाक्य होतं ते, आणि एकदाही कोणाला पटलेलं नव्हतं.

आत रत्नमाला पिशवी भरत होती. मुलीला घेऊन भावाकडे, सिंदेवाहीला. दुपारची गाडी. तिनं रविवारी विहारातही सांगून टाकलं होतं, यांनी शील मोडलं म्हणून. तेव्हा रिपोर्ट नव्हता, फक्त संशय होता; आता तर कागद हातात. दिवाकर त्या दिवशी विहारात चपलांजवळ, दाराशी बसला होता, आणि कोणी त्याला पुढे ये म्हणालं नव्हतं.

मी उंबरठ्यात उभी राहून सांगितलं. माझी चूक झाली, मी अर्धाच कागद वाचला, फवारणीनंही हाच आकडा कमी होतो.  तिनं ऐकून घेतलं आणि हसली. वाईट हसली.

“काल एक सांगतलं, आज दुसरं सांगता. उद्या तिसरं सांगसान. मॅडम, बारा वर्सं मले यानंच असं सांगतलं हाये. आज हे म्हून, उद्या ते म्हून.”

 तिचं काय चुकलं होतं? एका कागदानं तिचा संसार मोडायचा आणि दुसऱ्या तोंडी बोलण्यानं जोडायचा, असं कसं होईल? मी भाऊंकडे बघितलं. भाऊ आमच्याकडे बघतच नव्हते. ते अंगणात मोरीजवळ उकिडवे बसले होते, एका बादलीवर वाकून. बादलीत दिवाकरचा फवारणीचा शर्ट-पँट भिजत होता. पाण्यावर पांढुरकी साय, आणि औषधाचा तो नाकात चढणारा वास.

“बाई,” त्यांनी तिथूनच विचारलं, “हे कोन धुते?”

“मीच धुतो. अजून कोन धुईन?”

“कसं?”

“कसं म्हंजे? हातानं. गोट्यावर घासून.”

“रोज?”

“फवारनी असली का रोज. बाजूच्या दोघांचेबी माह्याकडंच येतेत, त्यांच्या बायका धानाच्या रोवन्यात बिमार पडल्या व्हत्या तवापासून.”

“डोकं दुखते का तुयं?”

 ती चिडूनच म्हणाली, “दुखते. चक्कर येते. रात्री पोटात पिळा पडते. घरी असा तमाशा चालू असन तं कोनाचं डोकं दुखनार नाई, भाऊ?”

भाऊ उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, हळू. “रक्त दे.”

“मायं? माय माय! मायं काऊन? मी काय पेतो का?”

“तेच तं पाहाचं हाये,” भाऊ म्हणाले.

 तिनं रागारागानं बाही वर केली. “घ्या. सगळ्यांचंच घ्या. पन दोन वाजता मी दवाखान्यात येतो आन् तिथूनच गाडी पकडतो, आताच सांगून ठेवतो.” भाऊंनी नेहमीसारखा तिचा हात कोपरापर्यंत धुतला. रांजणाचं पाणी, स्वतःच्या खिशातला साबण. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, सगळं. तिच्या तळव्यांची कातडी सोलवटलेली होती. ते धुवून होईपर्यंत तिचा अर्धा राग उतरला होता, हे मी बघितलं. आपला हात असा कोणी धुऊन देईल, याची तिला सवय नसावी.

परत आल्यावर भाऊंनी आज मशीनला हात लावला नाही. “तू कर.” मी रक्त फिरवलं, सीरम काढलं, लिव्हरच्या इतर तपासण्या लावल्या, आणि शेवटी ही. नळीत द्रव घातलं. भाऊ शेजारी, उजवं मनगट वर. मी मनात म्हणत होते, नको चढू. बाबा रे, आज नको चढू. दुसऱ्याचं रक्त बिघडलेलं निघावं अशी प्रार्थना मी आयुष्यात तेवढी एकदाच केली आहे, आणि करताना माझं मलाच घाण वाटत होतं.

रंग चढेना. फिकट, पाणी घातलेल्या ताकासारखा, तिथंच थांबला. मशीननं आकडा दिला. बाकीचे तिन्ही आकडे चांगले.

“बायांचा आकडा मानसांपेक्षा जराक कमीच राह्यते,” भाऊ म्हणाले. “पन इतका नाई.” त्यांनी सुस्कारा सोडला. आनंद त्यांना झाला नव्हता. “दोघांलेबी औषध लागलं गा.”

दोन वाजता ती आली. हातात पिशवी, मागे मुलगी. दिवाकर फाटकाबाहेर सायकल धरून उभा, आत यायची हिंमत नाही. भाऊंनी रिपोर्ट माझ्या हातात दिला. आज यमाचा आवाज नव्हता, माझाच होता.

“बाई, तुमच्या मिस्टरांचा जो आकडा कमी आहे ना, तोच तुमचाही कमी आहे. त्यांच्यापेक्षाही कमी.”

तिनं कागद घेतला. कालचा घडीचा कागद काढला. दोन्ही शेजारी शेजारी धरले, त्याच ओळीवर बोट ठेवलं, एकदा इकडे, एकदा तिकडे. लिहिता-वाचता येत होतं तिला, सातवीपर्यंत शिकलेली होती. ओठ हलत होते.

“म्हंजे मीबी पेतो,” ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. ती खाली बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावला. रडत होती की काय करत होती, कळलं नाही. “दोन वर्सं,” म्हणाली, “दोन वर्सं हा मानूस...” मुलगी घाबरून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. सिंदेवाहीची गाडी आली, हॉर्न वाजवला आणि गेली.

तुम्हाला वाटेल, इथे संपलं. भाऊंचं कुठे संपायला! तिला पटलं होतं, पण भाऊंना नव्हतं. “एका दिवसाचा आकडा, एका दिवसाचं बोलनं,” म्हणाले. “मायं काम अर्धं झालं.” डॉक्टरसाहेबांनी दोघांना नीट तपासलं, औषध लिहून दिलं आणि निक्षून सांगितलं: याची फवारणी बंद, हिचं ते धुणं बंद. दिवाकरनं धान कापायचं काम धरलं. बादलीतले ते कपडे भाऊंनी स्वतः, हातात रबरी मोजे घालून, गुंडाळून बाजूला काढले. आणि दर पंधरा दिवसांनी दोघंही आमच्याकडे. पहिल्या खेपेला ती पुढे, तो मागे. दुसऱ्या खेपेला बरोबर. तिसऱ्या खेपेला एकाच सायकलवर, तिच्या हातात पोह्यांचा डबा.

रंग चढला. आधी तिचा, मग त्याचा. त्या दिवशी भाऊंनी नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि “चढला गा, चढला!” असे ओरडले, की बाहेर रांगेतला एक म्हातारा ‘काय पेटलं’ म्हणून आत पळत आला. लिव्हर दारूनं गेलेलं असतं तर दीड महिन्यात दोघांचा आकडा असा सोबतीनं, बाकी काही न बदलता, वर आला नसता. भाऊंनी वहीत लिहिलं, खाली सही केली, तेव्हा कुठे त्यांचं काम पूर्ण झालं.

त्या रविवारी रत्नमालानं आम्हाला विहारात बोलावलं. मी नको म्हणत होते. भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला, गळ्याचं बटन लावलं, आणि स्कूटर काढली. आम्ही बायकांच्या बाजूला, भिंतीशी बसलो. भाऊंना कोणीतरी पुरुषांकडे चला म्हणालं, पण ते म्हणाले, मले इथूनच दिसते. वंदना झाली. सगळे उठायच्या आत रत्नमाला उभी राहिली. हातात कागद. मला वाटलं, आता ती माझं नाव घेईल. घेतलं असतं तरी चाललं असतं.

“मीच बोलली व्हती,” ती म्हणाली. “याच जागी. यायनं शील मोडलं म्हून. तवा तुमी सगळ्यांनी मायं आयकलं. आताबी आयका.” तिनं एक कागद वर धरला. “हा यायचा, मालकाचा.” मग दुसरा. “आन् हा माया. दोघांतबी एकच जहर निंगालं. मी तं कदी थेंब घेतला नाई, हे तुमाले ठाव हाये. मंग यायनं कुठून घेतला असन? त्यायनं बांधीतून आनलं, मी बादलीतून घेतलं. आमी घरी भांडत राह्यलो.”

 शेजारी बसलेल्या दोन-तीन बायकांनी आपले तळवे उलटून बघितले. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “माह्या सुनेचेबी हात असेच व्हऊन राह्यले वो.” भाऊंनी लगेच डोळ्यांनी मला खुणावलं, ती कोण, बघून ठेव. मी मान हलवली. माझे डोळे भरून आले होते, आणि या वेळी मला त्याची लाज वाटली नाही.

रत्नमालानं कागद खाली केले. मग तिनं दाराकडे बघितलं. दिवाकर तिथंच होता, दीड महिना बसत होता तसा, चपलांच्या ढिगाला लागून, खाली मान घालून.

“तिथी काऊन बसले?” ती म्हणाली. “पुढं या. इथी, पुढं येऊन बसा.”